चिंचेनं उजळलेला चाकू

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी आहे, असं विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. वत्सलाताईंचा. त्या सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर नदीकडच्या एका गल्लीत एकट्या राहायच्या आणि जुने घडीचे चाकू जमवायच्या. गल्लीत त्यांना 'चाकूवाल्या बाई' म्हणत. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातून मी सांगलीला कॉलेजात आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहून शिकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पण माझं ऋण त्या खोलीपुरतं नाही. एखादी वस्तू हातात घ्यावी, तिला काही करू नये, नुसतं बघत राहावं, हे मला त्यांनी शिकवलं.

परवा सांगलीच्या जुन्या बाजारात गेलो होतो. आता पोत्यावर मांडलेल्या मालात मोबाइलचे चार्जरच जास्त असतात. पण एका कोपऱ्यात कुलपं, अडकित्ते आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात एक फौजी चाकू दिसला. काळी खवल्याखवल्यांची मूठ, एका बाजूला पातं, पाठीवर जाड दाभण. मी तो उचलला आणि सवयीनं आधी पाठीवरचं दाभण उघडलं. त्याची आतली बाजू उजेडात धरली. काही नव्हतं. चाकू खाली ठेवला.

विकणारा तरुण पोरगा हसला. "काका, लोक आदी धार बघत्यात. तुमी त्येची पाट बघून ठिवून दिला की!"

त्याला काय सांगणार? इतकी वर्षं झाली, असा चाकू दिसला की माझा अंगठा आपोआप पाठीकडे जातो. त्यामागची गोष्ट एका चिंचेच्या गोळ्यापासून सुरू होते. पण त्याआधी ताईंचं घर.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या जूनमधली गोष्ट. वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन मी ताईंच्या दारात उभा होतो. खोलीचं विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "खिशात चाकू आहे?"

मी गारच पडलो. होता. आमच्याकडे ऊस खायला, चिंध्या फाडायला, पेन्सिलीला टोक काढायला प्रत्येक पोराच्या खिशात असायचा. मला वाटलं, गेली खोली. मी म्हणालो, "हाय, पण मी तसला न्हाई, बाई."

"कसला नाहीस ते मागाहून बघू. आधी चाकू दाखव."

त्यांनी तो घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. कानाजवळ नेऊन पुन्हा मिटला. 'टक्' असा आवाज झाला. मग पात्याकडे पाहत म्हणाल्या, "डावखुरा आहेस. धार लावताना घाई करतोस. आणि हा मूळचा तुझा नव्हे, आधी कुणीतरी तंबाखू खाणारा होता." मी डावखुरा होतो, घाई करायचो आणि चाकू माझ्या मामाचा होता. ताईंनी पात्याच्या मुळाशी साचलेलं तपकिरी किटण नखानं दाखवलं. "ये आत. खोली लहान आहे, पण उजेड चांगला आहे."

त्या घराचा वास अजून नाकात आहे. रॉकेल, शिवणाच्या मशीनचं तेल, आणि वारा बाजारपेठेकडून आला की त्यात मिसळणारी हळद. खिडकीत लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरण्या ओळीनं असत, आणि त्यांत रॉकेलमध्ये बुडवलेले चाकू असत. सकाळचं ऊन त्या बरण्यांतून फरशीवर पडलं की पिवळसर डाग हलत राहायचे. पहिल्यांदा आलेला माणूस त्या बरण्यांकडे बघून पाणीसुद्धा मागायला कचरायचा.

ताईंचा पहिला चाकू त्यांच्या वडिलांचा. ते औंधला संस्थानच्या कचेरीत कारकून होते आणि बोरूला टोक काढायला त्यांच्याकडे एक बारीक विलायती चाकू होता. हस्तिदंती मूठ, बोटाच्या पेराएवढं पातं. वडील गेल्यावर भावांनी भांडी वाटून घेतली, चाकू कुणालाच नको होता. ताईंनी तो घेतला आणि तो कुठला, कुणी केला, कधीचा, हे शोधायला लागल्या. तिथून नाद लागला. "मला चाकूंचं प्रेम नाही रे," त्या म्हणायच्या, "मला हे कळत नाही, की कुठल्यातरी परक्या गावात एकानं ही मूठ घासली, आणि ती औंधच्या यमाईच्या डोंगराखाली येऊन पोचली कशी? हे न कळणं मला आवडतं."

त्यांनी मला ओळखायला शिकवलं. हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके असतात. हस्तिदंतात तिरक्या रेषांची जाळी दिसते. शिंग जोरात चोळलं तर केस जळाल्यासारखा वास येतो. मूठ काय सांगते ते ऐकायचं, मग पातं उघडून त्याच्या मुळाशी कारागिराचा ठसा शोधायचा, मग पातं उघडायला नख अडकवायची खाच, मग खिळे. आणि एक नियम होता, तो मोडला की ताई रागवायच्या. पुसायचं, घासायचं नाही. काचकागद त्या घरात येत नसे. गंज काढायचा तो तेल, बांबूची काडी आणि जुनं धोतर एवढ्यावर. "जुन्या पोलादावर जो करडा रंग चढतो ना, तो मळ नव्हे. ते त्याचं वय आहे. वय घासून काढलंस तर राहील काय? लखलखीत मूर्खपणा."

शनिवारी आम्ही बाजारात जायचो. तिथं दस्तगीरभाई म्हणून जुन्या लोखंडाचे व्यापारी होते, दाढी मेंदीनं लाल, तोंडात सदैव सुपारी. ताई दिसल्या की ते शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगायचे, "बाई आल्या रं! सुऱ्या लपवा, न्हाई तर एकेकीची जात-कूळ इचारत बसतील!" मग आपणच फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पुढे सरकवायचे. "ह्यो बघा. लय जुना. इंग्रजाच्या आज्याचा."

ताई भिंग लावायच्या. "भाई, या आज्याच्या मुठीवर प्लास्टिक आहे."

"मंग नातवाचा असंल," दस्तगीरभाई न ओशाळता म्हणायचे आणि चहा मागवायचे.

कधी आम्ही एसटीनं तासगावला जायचो. द्राक्षांच्या दिवसांत तिथल्या स्टँडवरसुद्धा आंबूस गोड वास यायचा, आणि बागेतले गडी घड कापायला जे चाकू वापरायचे त्यांची पाती धार लावून लावून चंद्रकोरीएवढी झालेली असत. ताई त्यांना चाकू मागायच्या नाहीत, फक्त बघायला मागायच्या. एक गडी म्हणाला, "बघा की, पर कापंल हां बोट, ह्येला माणूस कळत न्हाई." ताई म्हणाल्या, "मला मात्र त्याच्यावरून माणूस कळतो." गडी दिवसभर आमच्याकडे संशयानं बघत होता.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी दसऱ्याला गावी गेलो.

आमच्या घरात एक फौजी चाकू होता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो माझ्या थोरल्या काकांचा. ते महायुद्धात इटलीत गेले आणि परत आले नाहीत. मी जन्मण्याआधीची गोष्ट. आधी ते गेल्याचा सांगावा आला, मग पुष्कळ दिवसांनी त्यांची पेटी आली. पेटीत एक कांबळं, बूट आणि हा चाकू. काकूचं तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. ती माहेरी गेली नाही. आमच्याच घरात राहिली, शेतात राबली, आम्हा भावंडांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. मी कॉलेजात जाणार म्हटल्यावर वडील गप्प बसले होते. "जाऊ द्या त्येला, भावजी," असं म्हणणारी तीच.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या अंगणात विळे, कोयते, खुरपी, पहार असं सगळं धुऊन पुसून मांडलं जायचं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध काकूचा चाकू. तो ती कुणाला धुऊ द्यायची नाही. ओसरीवर बसायची, चिंचेचा गोळा आणि चुलीतली राख घ्यायची आणि घासायची. लहानपणी तो घासण्याचा आवाज म्हणजेच दसरा होता. खसखस, खसखस, मध्येच पाण्याचा शिडकावा, ओल्या चिंचेचा आंबट वास. दुपारच्या उन्हात ते पातं इतकं चमकायचं की आम्ही त्याचा कवडसा भिंतीवर नाचवायचो.

त्या वर्षी तो आवाज कानावर आला. मी धावलो. "काकू, थांब! घासू नकोस!"

"का रं? मळका ठिवू व्हय देवाम्होरं?"

मी चाकू हातात घेतला. पात्याच्या मुळाशी, जिथं ठसा आणि फौजेची बाणाची खूण असायला हवी, तिथं आरसा होता. मुठीवरची कडी गुळगुळीत. इतक्या दसऱ्यांच्या चिंचेनं सगळं पुसून नेलं होतं. मी तिला ताईंच्या शब्दांत समजावून सांगितलं, की अशा वस्तूवर खुणा असतात, कधी शिपाई आपला नंबरही कोरतो, आणि घासलं की ते जातं.

काकूचे राखेनं माखलेले हात तसेच थांबले. मग हळूच म्हणाली, "म्हंजी ह्येच्यावर त्येंचा नंबर असंल?"

"असेल. असायचा."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. आणि मग जे सांगितलं, ते तिनं घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"पेटीत बूट आलं हुतं न्हवं, ते मोठं हुतं. ह्येंच्या पायतानाला लावून बघितलं म्या. दोन बोटं मोठं. तवापासनं माज्या मनात हाय. पेटी दुसऱ्याचीच आली असंल तर सांगावाबी दुसऱ्याचाच असंल. व्हय का न्हाई?"

ती काकांच्या वहाणा दरसाल उन्हात ठेवायची, तेल लावायची, हे मी पाहत आलो होतो. आठवण म्हणून ठेवते, असं आम्ही समजत होतो. ती वाट बघत होती.

तिला अक्षरओळख नव्हती, पण काकांचा फौजेतला नंबर तिला पाठ होता. लग्नानंतर त्यांनीच पाठ करून घेतला होता, कागद-टपाल आलं आणि कुणी वाचून दाखवलं तर ओळखता यावं म्हणून. जात्यावर बसावं तशी एका लयीत ती तो म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली, सगळेच्या सगळे आकडे, आणि चाकू पदराला पुसून माझ्या हातात दिला. "तुज्या बाईंना दाव. ह्येंचा हाय का न्हाई, तेवडं सांग. खरं काय आसंल ते सांग."

सांगलीला पोचलो त्या सकाळी ताईंनी चाकू खिडकीत नेला. पात्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. मुठीकडे पाहून मान हलवली. मग तो उलटा केला. पाठीवरचं दाभण, दोरखंडाच्या गाठी सोडवायचं, गंजून बसलेलं होतं. मी लहानपणापासून ते कधी उघडं पाहिलंच नव्हतं.

"हे कधीपासून असं आहे?"

"पेटी आली तेव्हापासून असेल."

ताईंचे डोळे लकाकले. "मग याच्या खालच्या बाजूला तुझ्या काकूची चिंच पोचलेली नाही."

मी लगेच पकड आणायला उठलो. त्यांनी हातावर चापट मारली. "बस खाली. इतकी वर्षं मिटलेलं आहे, तुझ्या घाईनं मोडेल."

चाकू बरणीत गेला. रॉकेल आणि मशीनचं तेल. रोज सकाळी ताई तो बाहेर काढून उन्हात धरायच्या, पोळ्यांच्या लाटण्यानं दाभणाच्या खिळ्यावर हलकेच ठोकायच्या, आणि परत बुडवायच्या. बरणीतलं रॉकेल दिवसेंदिवस चहासारखं होत गेलं. मी कॉलेजातून आलो की आधी खिडकीत जायचो. मला तेव्हा कसलं कुतूहल होतं ते आज वेगळं करून सांगता येत नाही. नंबर कुठला निघेल याचं होतंच. पण काकूनं मनात धरून ठेवलेली ती गोष्ट त्या गंजाखाली उघडी पडणार होती, आणि तिचं काय होणार, हेही होतं.

दिवाळी गेली. नदीवरून गार वारा येऊ लागला. एका दुपारी ताई लाटणं ठोकत होत्या आणि मी भाकरी मोडत होतो. 'टक्' नाही, 'कुर्र' असा आवाज झाला. दाभण केसभर हललं. ताईंनी मला बोलावलं नाही, पण मी तसाच उष्ट्या हातानं गेलो. बांबूची काडी, तेल, फडकं, पुन्हा काडी. अखेर ते दाभण वर आलं, आणि त्याखालून जी बाजू दिसली, ती कोऱ्या पोलादाची होती. करडी, शांत. त्यावर कुणीतरी टोकदार खिळ्यानं आकडे कोरले होते. वाकडेतिकडे, पण खोल.

ताईंनी भिंगातून एकेक आकडा वाचला. मी काकूच्या चालीत तिचा नंबर मनात म्हणत होतो. सुरुवातीचे आकडे जुळत गेले, आणि मग जुळेनात.

"नाही?" ताईंनी विचारलं.

"नाही."

ताईंनी भिंग खाली ठेवलं. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ताई शाळेत शिकवायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "नीट ऐक. आपल्याला एका चाकूबद्दल कळलं आहे. पेटीबद्दल नाही, बुटांबद्दल नाही, माणसाबद्दल नाही. शिपाई चाकू उसने घेतात, बदलतात, मेलेल्या मित्राचा जपून ठेवतात. थंडीच्या मुलखात पायमोज्यांवर पायमोजे चढवतात, बूट मोठेच लागतात. जितकं कळलं तितकंच सांगायचं. एक आकडाही जास्त नाही."

"आणि त्यांचाच आहे म्हणून सांगितलं तर? तिला वाचता येत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या रागावल्या नाहीत. चाकू फडक्यात गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाल्या, "तिनं तुला काय सांगायला सांगितलं होतं?"

पुढच्या एसटीनं मी गावी गेलो.

आता काकू नाही, ताईही नाहीत. ताईंच्या पाठीमागे त्यांच्या भाचीनं मला विचारलं, यातला कुठला हवा? मी बोरूचा चाकू घेतला नाही, लाटणं मागितलं. तिला नवल वाटलं. ते आमच्या घरी आहे. त्याच्या एका टोकाला अजून रॉकेलचा वास येतो, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे. काकूचा फौजी चाकू माझ्या कपाटात मऊ कापडात आहे. खंडेनवमीला मी तो बाहेर काढतो, कोरड्या फडक्यानं पुसतो, झेंडूचं एक फूल ठेवतो. चिंच नाही.

आम्हाला शाळेत पत्र आधी कच्चं लिहायला लावत आणि मग पक्कं. ती सवय मला कॉलेजातही होती. त्यामुळे गावाहून ताईंना पाठवलेल्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्यापाशी राहिला. भाषा त्या वयाची आहे, ती तशीच ठेवतो; आकडे तेवढे पक्क्या पत्रातच लिहिले होते.

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. काकूस सर्व सांगितले. जितके कळले तितकेच सांगितले, जास्त नाही. चाकूवरचा नंबर काकांचा नाही हे ऐकून ती उठून आत गेली. मला वाटले ती रडत असेल. पण ती काकांच्या वहाणा घेऊन बाहेर आली आणि त्या उन्हात ठेवल्या. मग म्हणाली, "म्हंजी अजून काय कळलं न्हाईच." मी म्हणालो, "नाही कळलं." ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे तसंच."

नंतर तिने मला चाकूवरचा तो दुसरा नंबर म्हणायला सांगितला. मी म्हटला. तिने तो माझ्या मागून म्हटला, चुकली, पुन्हा म्हटला. सायंकाळी दिव्यापुढे ती दोन्ही नंबर एकामागून एक म्हणत होती. मी विचारले, हा परका नंबर कशाला पाठ करतेस? तर म्हणाली, "परका कसा? इतकी वरसं माज्या हातात हाय. ह्येचा चाकू हिकडं आला, तर ह्येंचा तिकडं गेला असंल. कुठं तरी कोन बाई माज्या मानसाचा चाकू चिंचंनं घाशीत बसली असंल. तिला कुनी सांगाया पायजे, बाई, घासू नगो."

आता ती चाकू घासणार नाही. तिचा माणूस पुसला जाईल, म्हणते. ह्यात 'तिचा' म्हणजे त्या दुसऱ्या बाईचा.

आपणांस तिचा निरोप आहे. बाजारात असला चाकू आला की दस्तगीरभाईंनी तो विकण्याआधी आपण त्याचे दाभण उघडून बघावे. काकांचा नंबर शेवटच्या ओळीखाली लिहिला आहे. कागदावर असू द्यावा, पण कागद हरवतो, असे तिचे म्हणणे आहे. तरी आपण तो एकदा मोठ्याने म्हणावा, आणि पाठ करावा.